पोर्टला हात लावला की प्रोग्राम का मरतो?

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आम्ही एक खेळणं केलं होतं. पुण्यात बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाच्या आसपासच्या दुकानांतून पंचवीस पिनांचा कनेक्टर, आठ एलईडी, आठ रेझिस्टर आणि जनरल पर्पज पीसीबीचा एक तुकडा आणला. सगळं झाळून कॉम्प्युटरच्या प्रिंटर पोर्टला लावलं आणि डॉसवरच्या टर्बो सी या सी भाषेच्या कंपायलरमध्ये एकच ओळ लिहिली: आउटपोर्टबी, कंसात हेक्स ३७८ आणि हेक्स ५५ (हेक्स म्हणजे दहाऐवजी सोळाच्या पटीत आकडे लिहायची पद्धत). एक सोडून एक असे चार दिवे लागले. त्या चार दिव्यांचा आनंद पुढे नोकरीत कुठल्याच कामाने दिला नाही, हे खरं सांगतो.

मग कुणीतरी लिनक्सची सीडी आणली. लिनक्समध्ये तेच काम करणाऱ्या फंक्शनचं नाव आउटबी, एवढं शोधून काढलं, प्रोग्राम कंपाइल केला, चालवला. दिवा एकही लागला नाही. पडद्यावर दोन शब्द: सेगमेंटेशन फॉल्ट. प्रोग्राम नको त्या मेमरीत घुसला की सहसा येतो तो संदेश. लॅबमधले सर खांद्यावरून डोकावून म्हणाले, “अरे, पॉइंटर चुकला असेल कुठेतरी, बघ.” आमच्या प्रोग्राममध्ये पॉइंटर, म्हणजे मेमरीचा पत्ता धरणारा व्हेरिएबल, नव्हताच.

तो प्रोग्राम नेमका कशाने मेला, हे कळायला मला बराच काळ लागला. तेच इथे सांगतो.

आधी शब्दाचा घोळ मिटवू. पोर्ट म्हटलं की कुणाला लॅपटॉपच्या कडेचं यूएसबीचं भोक आठवतं, तर कुणाला नेटवर्कमधलं ८० किंवा ४४३. इथला पोर्ट या दोन्हींहून वेगळा आहे. हा प्रोसेसरच्या लेखी एक पत्ता आहे. मेमरीतल्या प्रत्येक बाइटला जसा क्रमांक असतो, तसा इंटेलच्या प्रोसेसरमध्ये बाहेरच्या उपकरणांसाठी क्रमांकांचा आणखी एक, पूर्ण निराळा संच असतो. दोन वेगळ्या गावांत ३७८ क्रमांकाचं घर असावं तसं. मेमरीतलं ३७८ वेगळं, पोर्टांतलं ३७८ वेगळं. पहिल्या गावात जायची आज्ञा ‘मूव्ह’, दुसऱ्या गावात जायच्या आज्ञा ‘इन’ आणि ‘आउट’. ज्यांनी कॉलेजात ८०८५ या जुन्या प्रोसेसरचं किट बडवलंय त्यांना या दोन आज्ञा आठवत असतील. तिथे पोर्टचा पत्ता आठ बिटांचा, म्हणून पोर्ट २५६. ८०८६ पासून तो सोळा बिटांचा झाला आणि पोर्ट ६५,५३६ झाले. आज टेबलावर असलेल्या पीसीतही तेवढेच आहेत.

या पोर्टांवर कोण राहतं ते बहुतांशी १९८१ च्या आयबीएम पीसीने आणि तिच्या पाठोपाठच्या मॉडेल्सनी ठरवून टाकलं. हेक्स ४० ते ४३ वर टायमर. ६० आणि ६४ वर कीबोर्डचा कंट्रोलर. ७० आणि ७१ वर बॅटरीवर चालणारं घड्याळ. ३एफ८ वर पहिला सीरियल पोर्ट. ३७८ वर प्रिंटर. प्रिंटरला सलग तीन पत्ते असतात: ३७८ वर लिहिलेला बाइट दोन ते नऊ क्रमांकांच्या आठ पिनांवर जसाच्या तसा उमटतो, ३७९ वरून प्रिंटरची अवस्था वाचायची, ३७ए वरून त्याला इशारे द्यायचे. एक बाइट, आठ बिट, आठ पिना, आठ दिवे. हार्डवेअर शिकायला इतकी सरळ गोष्ट पुन्हा झाली नाही.

इथे एक ऐतिहासिक गंमत आहे. लिनक्स ज्याच्या वळणावर बनलं ते जुनं युनिक्स वाढलं ते पीडीपी-११ या यंत्रावर, आणि त्या यंत्रात असं दुसरं गावच नव्हतं. उपकरणांचे रजिस्टर, म्हणजे त्यांच्याशी बोलायचे छोटे कप्पे, मेमरीच्याच शेवटच्या आठ किलोबाइटांत बसवलेले असत. त्यामुळे ‘प्रोग्रामला एखादा पोर्ट हवा असेल तर त्याने तो कसा मागायचा’ या प्रश्नाचं मूळ युनिक्सकडे उत्तरच नाही. युनिक्सचं म्हणणं, उपकरण हवंय ना, मग /डेव्ह या फोल्डरखालची फाइल उघड, वाच, लिही. पुढे इंटेलच्या पीसीवर लिनक्स, फ्रीबीएसडी, ओपनबीएसडी उभे राहिले तेव्हा प्रत्येकाने आपापली सोय केली. म्हणून सगळ्या युनिक्सांसाठीच्या सामायिक पॉझिक्स मानकात पोर्टचा उल्लेख सापडत नाही, आणि एका युनिक्सवर चालणारा असला प्रोग्राम दुसऱ्यावर कंपाइलसुद्धा होत नाही.

आता त्या सेगमेंटेशन फॉल्टकडे येऊ. आमचा समज असा होता की प्रत्येक आज्ञा आधी लिनक्स बघतं आणि नको ती अडवतं. तसं नसतं. प्रोग्राम चालू असताना प्रोसेसर थेट त्याच्याच आज्ञा चालवत असतो. ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल, त्या वेळी बाजूला स्वस्थ पडलेला असतो. अडवतो तो प्रोसेसर. कर्नलने फक्त आधी कुलूप लावून ठेवलेलं असतं.

हे कुलूप दोन टप्प्यांत बनलं. १९८२ च्या ८०२८६ मध्ये प्रोसेसरला अधिकाराच्या चार पातळ्या मिळाल्या, शून्य ते तीन. शून्य म्हणजे सर्वाधिकार, तीन म्हणजे सामान्य माणूस. कर्नल शून्यावर चालतो, तुमचेआमचे प्रोग्राम तीनवर, आणि मधल्या दोन पातळ्या लिनक्स वापरतच नाही. त्याच प्रोसेसरमध्ये फ्लॅग रजिस्टरात दोन बिट आले. त्यांना आयओपीएल म्हणतात. पोर्टला हात लावायला किती पातळीपर्यंत मुभा आहे, ते त्या दोन बिटांत लिहिलेलं असतं. कर्नल तिथे शून्य लिहितो. तीनवरच्या प्रोग्रामने ‘आउट’ म्हटलं की प्रोसेसर तीन आणि शून्य ताडून बघतो.

हे जरा आडमुठं होतं. एक तर सगळे पोर्ट खुले, नाहीतर सगळे बंद. म्हणून १९८५ च्या ८०३८६ मध्ये दुसरा टप्पा आला: प्रत्येक पोर्टमागे एक बिट असलेला नकाशा. ६५,५३६ बिट म्हणजे ८,१९२ बाइट. पातळी अपुरी पडली तर प्रोसेसर लगेच नकार देत नाही, आधी हा नकाशा उघडून त्या पोर्टचा बिट बघतो. बिट शून्य असेल तर जाऊ देतो, एक असेल तर नाही. (हो, शून्य म्हणजे परवानगी. पहिल्यांदा वाचताना सगळेच इथे ठेचकाळतात.) कर्नल हा नकाशा प्रोग्रामनिहाय बदलू शकतो. म्हणजे एकाच यंत्रावर एका प्रोग्रामला फक्त ३७८ खुला आणि शेजारच्याला काहीच नाही, असं जमतं.

दोन्हीकडे नकार मिळाला की प्रोसेसर ती आज्ञा अर्धवट टाकून तेरा क्रमांकाचा अपवाद उठवतो आणि कर्नलला जागं करतो. कर्नलच्या लेखी हा प्रोग्राम नको तिथे गेला. नको तिथे जाणाऱ्यांना द्यायचा त्याच्याकडे ठरलेला सिग्नल आहे, तोच तो देतो, आणि शेल आपल्याला दाखवतं ‘सेगमेंटेशन फॉल्ट’. सरांचं म्हणूनच चुकलं. लक्षण बरोबर वाचलं, पण रोग दुसरा होता. डॉसवर मात्र प्रोसेसर जुन्या, पातळ्याच नसलेल्या पद्धतीने चालत असे. तिथे कुलूपच नव्हतं, मग टर्बो सीला कोण अडवणार?

कुलूप हवंच कशाला, हे मला घड्याळाच्या उदाहरणावरून पटलं. ७० आणि ७१ या दोन पोर्टांमागे बॅटरीवरचं घड्याळ असतं. त्यातल्या नोंदी पुष्कळ आणि पोर्ट दोनच, म्हणून वाचायची रीत दोन पायऱ्यांची आहे: ७० वर नोंदीचा क्रमांक लिहायचा, मग ७१ वरून तिची किंमत वाचायची. शून्यावर सेकंद, दोनवर मिनिटं, चारवर तास, आठवर महिना. तहसील कचेरीतल्या रेकॉर्ड रूमसारखं हे चालतं. खिडकीत क्रमांक सांगायचा, आतून रजिस्टर येतं, मग वाचायचं. आता खिडकीशी दोन माणसं उभी आहेत. पहिल्याने ‘चार’ म्हटलं. रजिस्टर हातात यायच्या आत दुसरा मध्येच घुसून ‘आठ’ म्हणाला. पहिल्याने समोर आलेलं रजिस्टर वाचलं आणि तास म्हणून महिना लिहून घेतला. कुणी खोटं बोललं नाही, कुठे एरर आली नाही, ऑक्टोबर महिन्यात घड्याळ मात्र सकाळचे दहा दाखवत बसलं. दोन प्रोग्राम थेट पोर्टशी बोलू लागले की हे हमखास कधीतरी होतं, आणि ‘कधीतरी’ होणारे दोष शोधणं फार जिकिरीचं. दोघांनी कर्नलकडे मागितलं तर कर्नल एकाचं दोन्ही पायऱ्यांचं काम पुरं होईपर्यंत दुसऱ्याला थांबवतो. खिडकीवर रांग लावायला एक माणूस बसवला, बाकी काही नाही.

याच ७० क्रमांकाच्या पोर्टचा सगळ्यात वरचा बिट घड्याळाचा नाहीच. मेमरीतल्या गंभीर बिघाडासारख्या गोष्टींची खबर ज्या इंटरप्टने, म्हणजे प्रोसेसरला हातातलं काम थांबवायला लावणाऱ्या हाकेने, येते, तो एनएमआय बंद करायचा खटका तिथे दडवलेला आहे. घड्याळ वाचायला आलेला माणूस नकळत धोक्याची घंटा बंद करून जाऊ शकतो. पीसीच्या पोर्टांत असे छुपे शेजार बरेच आहेत.

मग किल्ली मिळते कशी?

लिनक्समधली सगळ्यात नेमकी किल्ली म्हणजे आयओपर्म ही सिस्टिम कॉल, म्हणजे प्रोग्रामने कर्नलकडे करायची मागणी. नावात आयओ, म्हणजे इनपुट-आउटपुट, आणि परमिशन. तिला तीन गोष्टी सांगायच्या: कुठल्या पोर्टपासून, किती पोर्ट, आणि चालू की बंद. आमच्या दिव्यांसाठी: हेक्स ३७८, तीन, एक. कर्नल त्या प्रोग्रामच्या नकाशात ते तीन बिट शून्य करतो आणि बाजूला होतो. यापुढे आउटबी म्हटलं की प्रोसेसर नकाशा बघून स्वतःच जाऊ देतो, कर्नलला विचारायला जात नाही. ही मागणी अर्थात कुणीही करू शकत नाही. रूट, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्ता, असावं लागतं, किंवा कच्च्या आयओचा विशेष अधिकार असावा लागतो.

पण आयओपर्मचा खरा गुण पुढे आहे. रूट म्हणून सुरू व्हायचं, तीन पोर्टांची परवानगी घ्यायची, आणि लगेच रूटपण सोडून साध्या वापरकर्त्याच्या रूपात परत यायचं. परवानगी तशीच राहते. म्हणजे प्रोग्राममध्ये पुढे कितीही घाण चूक असली तरी नुकसान तीन पोर्टांपुरतं. मी असा प्रोग्राम तपासायला बसलो तर हीच एक गोष्ट आधी बघतो.

दुसरी किल्ली आयओपीएल, त्या दोन बिटांच्याच नावाची सिस्टिम कॉल. ती नकाशाच्या भानगडीत पडत नाही. तिला तीन म्हटलं की सगळे ६५,५३६ पोर्ट खुले. जुन्या लिनक्समध्ये तिला थोडं निमित्त होतं, कारण २.६.८ च्या आधी आयओपर्म फक्त पहिल्या १,०२४ पोर्टांपुरती चालायची आणि कॉम्प्युटरच्या खाचेत बसणाऱ्या पीसीआय कार्डांचे पत्ते त्याच्या पुढचे असत. पडद्यावरच्या खिडक्या काढणारा आणि ग्राफिक्स कार्डाशी थेट बोलणारा एक्स सर्व्हर वर्षानुवर्षं रूट म्हणून चालायचा, तोही याच किल्लीच्या जिवावर. २००९ पासून पडद्याची मांडणी हळूहळू कर्नलने स्वतःकडे घेतली आणि ती गरज ओसरली. शिवाय जुन्या आयओपीएलबरोबर एक भयंकर अधिकार फुकट यायचा: प्रोग्राम इंटरप्ट बंद करू शकायचा. इंटरप्ट बंद करून प्रोग्राम अडकला की यंत्रही अडकलं, टायमरच वाजत नाही म्हटल्यावर कर्नलला जागं कोण करणार. २०२० च्या जानेवारीत आलेल्या लिनक्स ५.५ ने हे मिटवलं. आता आयओपीएल मागितलं तर कर्नल आतून सगळे पोर्ट खुले असलेला नकाशा देतो, खऱ्या आयओपीएल बिटांना हात लावत नाही.

या मोठ्या किल्लीने मी काय केलं ते सांगायलाच हवं. आयओपर्म कळायच्या आधी आयओपीएल सापडली होती. दिव्यांवर शून्य ते २५५ असं द्विमान पद्धतीने मोजायचं ठरवलं, दर पाव सेकंदाला एक आकडा. टर्बो सीच्या सवयीने लिहिलं: आउटबी, कंसात आधी हेक्स ३७८, मग आकडा. चालवलं. दिवे ढिम्म. आठेक सेकंदांनी माउस थिजला, कीबोर्ड थिजला, बटण दाबून बंद करायची वेळ आली. पुन्हा चालवलं, पुन्हा आठ सेकंदांनी तेच.

कारण असं की टर्बो सीमध्ये आधी पोर्ट आणि मग किंमत, तर लिनक्सच्या आउटबीत आधी किंमत आणि मग पोर्ट. बरोबर उलट. माझा मोजणारा आकडा पोर्टचा पत्ता झाला होता. ३७८ ही किंमत एका बाइटात मावत नाही, म्हणून तिचा शेवटचा तुकडा ७८ तेवढा उरला. म्हणजे मी शांतपणे पोर्ट शून्यावर ७८, पोर्ट एकवर ७८, पोर्ट दोनवर ७८ असं रांगेने लिहीत चाललो होतो. बत्तिसाव्या पोर्टला, म्हणजे हेक्स २० ला, पोचायला पाव सेकंदाच्या हिशेबाने आठ सेकंद लागतात. तिथे इंटरप्ट कंट्रोलर बसलेला असतो, आणि ७८ या आकड्यातला एक विशिष्ट बिट चढलेला असल्याने त्याला ती ‘सगळं विसर, नव्याने सुरुवात कर’ अशी आज्ञा वाटते. पुढचा २१ क्रमांकाचा पोर्ट येईपर्यंत यंत्राला कुणाचंच ऐकू येत नव्हतं. आयओपर्मने फक्त तीन पोर्ट घेतले असते तर पहिल्याच पावलाला सेगमेंटेशन फॉल्ट आला असता आणि मी दोन मिनिटांत चूक दुरुस्त केली असती. ज्या संदेशाला आम्ही शिव्या घालत होतो, तोच इथे उपकार ठरला असता.

जाता जाता, फ्रीबीएसडीच्या आउटबीत क्रम पुन्हा उलटा, म्हणजे टर्बो सीसारखा: आधी पोर्ट, मग किंमत. तिकडून इकडे प्रोग्राम आणणाऱ्याने दोनदा वाचावं. परवानगीची रीतही तिथे निराळी. /डेव्ह/आयओ नावाची फाइल नुसती उघडली की प्रोग्रामला पोर्टांचा अधिकार मिळतो, बंद केली की जातो. त्यांच्या मॅन्युअलमध्येच या फाइलला सुरक्षेतलं नियंत्रित भोक म्हटलंय, इतका प्रामाणिकपणा दुर्मीळ. सिस्टिमची सुरक्षापातळी वाढवली की ते भोक बुजतं.

लिनक्समध्ये तिसरा रस्ताही आहे, खास युनिक्स वळणाचा: /डेव्ह/पोर्ट ही फाइल. तिच्यात ८८८ व्या जागी जायचं (हेक्स ३७८ म्हणजे दशमानात ८८८) आणि एक बाइट लिहायचा. कर्नल तो बाइट त्या पोर्टवर टाकतो. सी येत नसलं तरी चालतं, पायथॉनमधूनही होतं. उपकरण-क्रमांकांच्या यादीत ही फाइल चौथी, आणि तिच्या आधीची तिसरी म्हणजे जगप्रसिद्ध /डेव्ह/नल. एका घरात काहीही टाका, काही होत नाही. शेजारच्या घरात एक बाइट चुकला तर मशीन जातं. पायथॉनवाल्यांनी एक सांभाळायचं: फाइल नेहमीच्या पद्धतीने उघडली तर पायथॉन एक बाइट मागितल्यावर पुढचे हजारो बाइट आगाऊ वाचून ठेवतो. साध्या फाइलसाठी ही हुशारी, इथे ती हजारो शेजारी पोर्ट वाचते. आणि पोर्ट वाचणं ही निरुपद्रवी गोष्ट नाही. सीरियल पोर्टवर आलेलं अक्षर वाचलं की ते रांगेतून निघून जातं, ज्याच्यासाठी आलं होतं त्याला मिळतच नाही. म्हणून बफरिंग शून्य करूनच उघडायची.

आता एक गोष्ट, जी बरेच लेख सांगायची राहून जाते. परवानगी मिळाली म्हणजे मालकी मिळाली असं नाही. आयओपर्म फक्त तुमच्या नकाशातले बिट बदलते, त्या पोर्टवर दुसरं कोण बसलंय हे ती बघत नाही. यंत्रावर प्रिंटरचा ड्रायव्हर चढलेला असेल तर तोही ३७८ वर लिहिणार, तुम्हीही लिहिणार. मग कुणी चुकून प्रिंटची आज्ञा दिली की त्याचं पान तुमच्या दिव्यांवर छापलं जातं. आठ दिव्यांवर ते लखलखाट म्हणून खपून जाईल, पण पिनांना रिले आणि रिलेला मोटर असेल तर हसू येणार नाही. कुठल्या पोर्टवर कोणाचा दावा आहे ते /प्रॉक/आयओपोर्ट्स या फाइलीत दिसतं. रूट म्हणून वाचा, नाहीतर पत्त्यांच्या जागी शून्यं दिसतात.

प्रिंटर पोर्टपुरता यावर सभ्य उपाय आहे, पीपीडेव्ह नावाचा. /डेव्ह/पारपोर्ट० ही फाइल उघडायची, ‘हा पोर्ट माझा’ असा दावा सांगायचा, डेटा लिहायचा, अवस्था वाचायची, काम झालं की दावा सोडायचा. दावा चालू असेपर्यंत प्रिंटरचा ड्रायव्हर वाट बघतो. रूट लागत नाही, वापरकर्ता योग्य गटात असला की पुरतं. बहुतेक ठिकाणी त्या गटाचं नाव एलपी असतं. पत्ताही तुम्हाला माहीत असावा लागत नाही. हे महत्त्वाचं, कारण आज दुकानातून पीसीआय एक्स्प्रेसचं पॅरलल, म्हणजे प्रिंटर पोर्टचं, कार्ड आणून लावलंत तर त्याचा पत्ता ३७८ असेलच असं नाही. बहुतेकदा वरच्या हजारांतला काहीतरी असतो आणि कार्डाची खाच बदलली की बदलूही शकतो. ३७८ ठोकून लिहिलेला प्रोग्राम तिथे रिकाम्या घराचं दार वाजवत बसतो. रिकाम्या पोर्टवर लिहिलं तर एररही येत नाही.

यूएसबीला लावायची प्रिंटर केबल मिळते, पंचवीस पिनांची, दिसायला हुबेहूब. ती मात्र या कामी येत नाही. तिच्यामागे कुठलाच पोर्टचा पत्ता नसतो. ती प्रिंटरची भाषा बोलणारं यूएसबी उपकरण आहे, एकेक पिन हवी तशी हलवू देत नाही. हे माहीत नसल्याने वाया गेलेले पैसे आणि शनिवार माझ्या ओळखीत बरेच आहेत.

वेळेबद्दलही बोलायला हवं. जुन्या धाटणीच्या पोर्टवर एक ‘आउट’ साधारण एक मायक्रोसेकंद घेते, प्रोसेसर कितीही वेगवान असला तरी. हे मर्यादेसारखं वाटतं, पण खरी अडचण ती नाही. अडचण अशी की किल्ली मिळाली तरी तुमचा प्रोग्राम सामान्य प्रोग्रामच राहतो. दोन ‘आउट’च्या मध्ये कर्नल त्याला केव्हाही बाजूला काढून दुसऱ्याला चालवू शकतो. दिव्यांना ते कळत नाही. स्टेपर मोटरला कळतं. ठरावीक अंतराने ठोके मिळाले तर ती सुरेल फिरते, एक ठोका काही मिलिसेकंद उशिरा आला की अडखळते आणि पाऊल चुकते, मग धातूवरची रेघही चुकते. लिनक्ससीएनसी हा याच जगातला प्रकल्प. अमेरिकेतल्या एनआयएसटी या मानकसंस्थेत त्याचं मूळ आहे. पॅरलल पोर्टमधून थेट ठोके देऊन तो खऱ्याखुऱ्या मिलिंग मशीन चालवतो, पण त्यासाठी साधा कर्नल पुरत नाही, ठरल्या वेळी काम करणारा रिअलटाइम कर्नल घ्यावा लागतो. मशीन जोडण्याआधी त्या कॉम्प्युटरला किती उशीर होतो याची चाचणी घ्यायची, आणि तीही मुद्दाम बाकीचं ओझं टाकून. महागडा नवा लॅपटॉप या चाचणीत नापास आणि कोपऱ्यातला जुना डेस्कटॉप पास, असं घडतं.

इतकं सगळं जमवूनही नव्या यंत्रावर कधी कधी आयओपर्म रूटलाही नकार देते: ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’. हे लॉकडाउन नावाच्या कर्नलमधल्या बंदोबस्ताचं काम. २०१९ च्या नोव्हेंबरात लिनक्स ५.४ बरोबर ते आलं. यंत्र सिक्युअर बूटने, म्हणजे कर्नलवरची सही तपासून, सुरू झालं असेल तर अनेक वितरणं ते आपोआप लावतात. मग आयओपर्म, आयओपीएल, /डेव्ह/पोर्ट, सगळ्यांची दारं बंद. विचार असा की रूटनेसुद्धा चालू कर्नलमध्ये ढवळाढवळ करू नये, आणि पोर्ट हाती आले की एखाद्या उपकरणाकडून मेमरीत हवं ते लिहवून घेता येतं. /सिस/कर्नल/सिक्युरिटी/लॉकडाउन ही फाइल वाचली की कुठली पातळी चालू आहे ते कळतं. प्रयोगासाठी वेगळं यंत्र असेल तर बायॉसमध्ये जाऊन सिक्युअर बूट बंद करा. रोजच्या कामाच्या यंत्रावर मी करणार नाही.

आजच्या मुलांच्या हातात पॅरलल पोर्ट नसतो, रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटर असतो. तिथे एआरएमचा प्रोसेसर आहे, त्याला दुसरं गावच नाही. पीडीपी-११ सारखाच सगळा कारभार मेमरीच्या पत्त्यांवर. त्यामुळे आयओपर्म तिथे निरर्थक. त्याऐवजी /डेव्ह/मेम या फाइलीतून उपकरणाचा पत्ता आपल्या प्रोग्रामच्या मेमरीत जोडून घ्यायचा. पहिल्या पायमध्ये दिवे वगैरे जोडायच्या जीपीआयओ पिनांचे रजिस्टर हेक्स २०२००००० ला होते, दुसऱ्या-तिसऱ्यात ३एफ२००००० ला, चौथ्यात एफई२००००० ला. पत्ता ठोकून लिहिलेले प्रोग्राम दर पिढीला दुरुस्त करावे लागले. पाचव्या पायमध्ये तर त्या पिना मुख्य चिपमधून उठून आरपी१ नावाच्या वेगळ्याच चिपवर गेल्या, मध्ये पीसीआय एक्स्प्रेस आली, आणि जुने थेट रजिस्टरवर लिहिणारे प्रोग्राम सरसकट बंद पडले. ज्यांनी /डेव्ह/जीपीआयओचिप आणि लिबजीपीआयओडीच्या मार्गाने कर्नलला विचारलं होतं, त्यांना फार तर चिपचा क्रमांक बदलावा लागला.

आमचा तो आठ दिव्यांचा बोर्ड अजून आहे. एक एलईडी गेलाय, बाकीचे लागतात. मध्यंतरी घरातल्या जुन्या डेस्कटॉपला लावला, पीपीडेव्हने. पहिल्यांदा चालवला तेव्हा काहीच झालं नाही, पण सेगमेंटेशन फॉल्टही आला नाही. मी एलपी गटात नव्हतो. गटात नाव घातलं, लॉगआउट करून परत आत आलो, हेक्स ५५ लिहिलं. तीन लागले.